तीन फटक्यांचा बेडूक

माझ्या भावाने सहा महिने एकाच शब्दावर काढले. तो शब्द म्हणजे "नको". चहा ठेवू? नको. खिडकी उघडू? नको. दाढी करून देऊ? नको. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अर्धांगवायूच्या झटक्यात उजवा हात गेला असला तरी बोलणं शाबूत आहे. शाबूत कसलं, डोंबल! हे शाबूत असेल, तर माझ्या दुकानात कोट घालून उभा असलेला बिनडोक्याचा पुतळासुद्धा वक्ता म्हणायला हवा.

मी कपडे ऑल्टर करून देते. नवीन काही शिवत नाही. लोकांनी हौसेने घेतलेलं, कुणाकडून आलेलं, जाड झाल्यामुळे न होणारं जे काही असेल ते उसवून त्यांच्या मापाचं करते. लहानपणी बाहुल्यांसाठी कापडाचे तुकडे गोळा करायचे म्हणून दादाने माझं नाव चिंधी ठेवलं, आणि ते असं चिकटलं की वहिनीसुद्धा लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तेच म्हणायला लागली. दादा बेचाळीस वर्षांचा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मोटार चालवायला शिकवायचा. शेजारच्या सीटवर बसायचं, स्वतःच्या पायाखाली एक जास्तीचा ब्रेक ठेवायचा, आणि लोकांना भिंतीवर जाण्यापासून वाचवायचं, असा त्याचा पंधरा वर्षांचा धंदा. दिवसभर गाडीत ओरडायचा आणि घरी आला की कोण कसं चुकलं ते हातवारे करून सांगायचा. त्याने जरा गप्प बसावं म्हणून आम्ही हात जोडायचो.

आता गप्प बसला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत, समोरच्या इमारतीचे पाइप मोजत.

वहिनी पोस्टात पत्रं वेगळी करते. सकाळी सहाला जाते, दोनला येते. एकदा मी गेले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून ताटं पुसत होती. तीच तीच ताटं परत परत. म्हणाली, "चिंधी, हात गेला त्याचं मला काही नाही गं. एका हाताची माणसं काय जगत नाहीत? पण त्याला काहीच नको झालंय. मी पण नको झालेय." आणि ताट ठेवून नळ सोडला, म्हणजे रडलेलं मला ऐकू येऊ नये. मला ऐकू आलं. त्या दिवशी मी ठरवलं, की ह्या माणसाला काहीतरी हवं झालं पाहिजे. काहीही. मग भले त्याने माझ्याकडे चंद्र मागू दे.

त्याच दिवशी त्याचे गाडीचे कागद शोधताना कपाटाच्या खालच्या खणात तो सापडला. हातात धरून खेळायचा राखाडी डबा, एक कोपरा फुटलेला, आत "धुक्याचा राजा" ह्या खेळाची कॅसेट अजून तशीच खोचलेली. आणि त्याच्याखाली माझ्या अक्षरातली वही.

हा खेळ ज्याने खेळलाय त्याला सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. एका राजाने सात गावांवर धुकं सोडलंय. तुम्ही मेंढपाळ, हातात काठी, बरोबर एक शेळी. वाटेत प्राणी-राक्षस भेटतात. एक फटका तुमचा, एक त्याचा, असं करत ज्याचा जीव आधी संपेल तो मेला. जीव म्हणजे आकडे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या घरात ह्या खेळाने वेड लावलं होतं. म्हणजे दादाला. मी दिवा धरायचे. त्या डब्याच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड नव्हता आणि आमच्या खोलीच्या खिडकीसमोर भिंत, तेव्हा भर दुपारीसुद्धा कुणीतरी टेबलावरचा दिवा उचलून तिरका धरल्याशिवाय काही दिसायचं नाही. कुणीतरी म्हणजे मी. "डावीकडे घे. अगं, चमकतंय! चिंधे, झोपलीस का?" शिवाय कुठल्या प्राण्याचा जीव किती हे वहीत लिहायचं कामही माझ्याकडेच. बेडूक अठरा. वटवाघूळ चोवीस. पुलावरचा राक्षस तीनशे चाळीस. माझा नंबर "हा पूल झाला की" लागणार होता. पण पूल झाला की हटकून सेल संपायचे. आणि खेळ साठवून ठेवायला जागा एकच, त्यामुळे मी नवीन सुरू केला असता तर दादाचा पुसला गेला असता. एकूण काय, मी त्या खेळातला प्रत्येक आकडा पाठ असलेली आणि तो खेळ एकदाही न खेळलेली जगातली एकमेव व्यक्ती असेन.

मी तो डबा दादासमोर धरला. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याची नजर पाइपांवरून हलली. डाव्या हातात घेतला. डावा अंगठा बरोबर दिशांच्या बटणावर जाऊन बसला. मग त्याने उजव्या बाजूच्या दोन बटणांकडे पाहिलं, "हो" आणि "नाही"ची बटणं, मग स्वतःच्या मांडीवर पडलेल्या हाताकडे पाहिलं, आणि डबा मला परत दिला.

"मी दाबते ना ती बटणं," मी म्हटलं. "तू चाल, मी मारते."

"नको."

ठीक आहे, म्हटलं. कपडा अंगाला होत नसेल तर आम्ही माणूस कापत नाही.

इंटरनेटवर शोधता शोधता मला कळलं की ह्या खेळाचे वेडे अजून जिवंत आहेत आणि नुसते जिवंत नाहीत, तो उसवून पुन्हा शिवत बसलेत! कुणी मेंढपाळाच्या जागी त्याच्या आईला घातलंय, कुणी सगळ्या राक्षसांच्या शेळ्या केल्यात. मूळ खेळावर जो बदल चढवायचा त्याला ते पॅच म्हणतात. म्हणजे ठिगळ. अहो, हा तर माझाच धंदा! मी त्यांच्या मंचावर लिहिलं, की भावाचा उजवा हात गेलाय, सगळा खेळ डाव्या हाताने खेळता येईल असं कुणी करून देईल का. तासाभरात "खारूताई" नावाने उत्तर आलं. "करून देणार नाही. शिकवीन. रविवारी सकाळी दहाला फोन कर."

खारूताई म्हणजे शहराच्या बसचं वेळापत्रक बनवण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झालेल्या बाई निघाल्या. सहासष्ट वर्षांच्या. आवाज असा की बस उशिरा येण्याची हिंमतच करणार नाही. दर रविवारी त्या फोनवर आणि मी मागून आणलेल्या जुन्या लॅपटॉपसमोर. पहिल्या रविवारी मी काहीतरी असं केलं की शेळी उलटी चालायला लागली. दुसऱ्या रविवारी गावातली सगळी घरं समुद्रात. "ताई, मला हे जमायचं नाही," मी म्हटलं. "शर्टाची बाही पहिल्या दिवशी जमली होती का?" त्या म्हणाल्या. नव्हती जमली. पहिली बाही मी गळ्याला लावली होती.

हळूहळू समजत गेलं. जुन्या खेळात जागा मोजकी. शिवणीच्या आत कापड शिल्लक असेल तेवढंच बाहेर काढता येतं, तसंच. बटणांचं मात्र आम्ही झकास जमवलं. डब्याच्या वरच्या कडेला डाव्या बोटाखाली एक बटण असतं. ते टिचकीसारखं दाबलं की "हो". तेच दाबून धरून ठेवलं की "नाही". म्हणजे आमच्या खेळात "हो" म्हणणं सोपं आणि "नको" म्हणायला कष्ट. ही माझी कल्पना. खारूताई हसल्या, आणि त्या सहसा हसत नाहीत.

एवढ्यावर थांबले असते तर मी शहाणी. पण मला राहवेना. हा आधीच खचलेला माणूस, त्यात डाव्या हाताने खेळणार, त्यात तो पुलावरचा राक्षस! हरला तर पुन्हा पाइप मोजत बसेल. मी खारूताईंना म्हटलं, "बेडकाचा जीव जरा कमी करू या."

"कशाला?"

"बरं वाटेल त्याला."

"तू हाताचं काम घेतलंयस, हाताचं कर," त्या म्हणाल्या. "खेळाला हात लावू नकोस."

मी ऐकते कसली! आकडे कसे बदलायचे ते आता मला येत होतं. बेडूक अठराचा पाच केला. वटवाघूळ सहा. पुलावरचा राक्षस तीनशे चाळीसचा चाळीस, म्हणजे नुसतं रागावून बघितलं तरी पडेल. खेळातल्या दुकानातलं औषध फुकट. आणि पहिल्या गावात विहिरीपाशी जो म्हातारा बसलेला असतो, त्याच्या तोंडी मी नवीन वाक्य घातलं, मोजून मापून त्याच्या जुन्या वाक्याच्या जागेत बसेल असं. "सावकाश जा. दमलास तर बस." ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते. किती गुणाची मी!

तीन महिन्यांनी तयार झालं. खारूताईंच्या ओळखीच्या एकाने आमचा बदललेला खेळ कॅसेटवर चढवला आणि त्या जुन्या डब्यात उजेडाची स्क्रीनही बसवून दिली. रविवारी दुपारी मी तो दादाच्या डाव्या हातात ठेवला आणि नवं बटण समजावून सांगितलं. त्याने "नको" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात खेळाचं सुरुवातीचं संगीत वाजलं. ते टिणटिण संगीत. त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

आणि खेळायला लागला की हो! मेंढपाळ गावाबाहेर पडला, शेळी मागे. वहिनी दारात येऊन उभी राहिली, हातात अर्धा सोललेला बटाटा. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. दोघींनी श्वाससुद्धा बेताने घेतला. गवतातून बेडूक निघाला. दादाने बटण दाबलं. काठी बसली. बेडूक मेला.

दादा थांबला.

दुसरा बेडूक. एक फटका, मेला. वटवाघूळ. एक फटका, मेलं. मग तो मागे फिरला, गावात आला, विहिरीपाशी गेला आणि म्हाताऱ्याशी बोलला. सावकाश जा. दमलास तर बस.

त्याने डबा मांडीवर ठेवला. "बेडूक अठरावर मरतो," तो म्हणाला.

मी म्हटलं, "काय?"

"बेडूक अठरा. काठीचा फटका सहा. तीन फटके लागतात. तीन! वटवाघूळ चोवीस, चार फटके, आणि तिसऱ्याला ते उडून जातं, मग शेळी पुढे करायची असते. तू लिहिलंयस वहीत, तू! आणि हा म्हातारा काय बोलतोय? हा म्हातारा शिव्या देतो! 'काठी घेऊन राजाला मारणार, तोंड बघ' म्हणतो तो. मला दमलास तर बस म्हणतो? बसलोयच की मी! सहा महिने काय करतोय?" त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "पंधरा वर्षं मी दुसऱ्यांचा ब्रेक दाबलाय. मला कळत नाही होय, कोण माझा ब्रेक दाबतंय ते? मेलो नाही मी अजून, चिंधे! घेऊन जा हे तुझं."

मी डबा उचलला आणि स्वयंपाकघरात गेले. कान तापले होते. तीन महिने, बारा रविवार, उलटी शेळी, आणि वर ही बोलणी! वहिनीला म्हटलं, "आता ह्याच्यासाठी काडी उचलणार नाही. तुझा नवरा, तूच सांभाळ." बघते तर वहिनी बटाटा छातीशी धरून हसतेय, आणि डोळ्यांतून पाणी.

"अगं, तो चिडला!" ती म्हणाली. "ऐकलंस ना? किती बोलला! हात आपटला त्याने खुर्चीवर. डावा, पण आपटला!"

"मला बोलला तो."

"मग काय झालं! मला बोलला असता तर मी पेढे... जाऊ दे. तू परत कर ते. त्याला हवंय तसं कर."

घरी येताना रस्ताभर मी त्याला मनात ऐकवत होते. पण दुकानापाशी आल्यावर माझं मलाच हसू आलं. माझ्या दुकानात एक नियम आहे, तो मी माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी सांगते. गिऱ्हाइकाने बाही सांगितली तर बाहीच करायची. कंबर आपल्या मनाने घ्यायची नाही, भले आपल्याला ती ढगळ दिसू दे. आणि मी काय केलं होतं? भावाची कंबर, गळा, खिसे, सगळं न विचारता आत घेतलं होतं. मी त्याच्या हातासाठी खेळ बदलायला बसले आणि तो माणूसच लहान करून ठेवला. लाज वाटली. खरंच वाटली.

खारूताईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "मी सांगितलं होतं" हे शब्द एकदाही उच्चारले नाहीत, म्हणून मी त्यांना जन्मभर मानेन. एवढंच म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला विचार, आणखी काय हवंय."

मी दादाला विचारलं. दारातूनच, आत न जाता. "सगळं होतं तसं करते. बटणं तेवढी डावीकडे. दुसरं काही?"

मला वाटलं "नको" येणार. त्याने पाइपांवरून नजर काढली. मग म्हणाला, "एक आहे. खेळ साठवायला दोन जागा हव्यात."

"दोन कशाला?"

"हव्यात."

हव्यात! वहिनीने आत भांडं पाडलं.

ही दुसरी जागा म्हणजे बोलायचं काम नव्हतं. खारूताई म्हणाल्या की डब्यात तेवढं कापडच नाही. मग दोन आठवडे त्या स्वतः बसल्या आणि कुठून कुठून चिमूटचिमूट जागा काढून जोड दिला. बेडूक अठराचा झाला, राक्षस तीनशे चाळीसचा. म्हातारा पुन्हा शिव्या द्यायला लागला.

पुढचा महिना दादाच्या घरी नुसता धिंगाणा. पुलावरच्या राक्षसाने त्याला एकोणीस वेळा मारलं. वहिनी पोस्टातून मला फोन करून आकडा सांगायची, आज चौदावी, आज पंधरावी. हरला की अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं ओरडायचा. मग भूक लागायची. मग म्हणायचा, दाढी वाढलीय, आरसा दे, मी करतो. डाव्या हाताने केली आणि तीन ठिकाणी कापून घेतलं. वहिनीला त्याचंही कौतुक.

एका रविवारी जेवून आडवी झाले होते, तर त्याचाच फोन. त्याने स्वतः लावलेला.

"ये. दिवा घेऊन ये."

"कसला दिवा? स्क्रीनला आहे की आता उजेड."

"चिंधे, येतेस की नाही?"

मी दुकानातला मशीनवरचा लवचीक मानेचा दिवा उपटला आणि गेले. बाहेर लख्ख ऊन, खिडकी उघडी, आणि आम्ही दिवा लावून बसलो. माझा हात आपोआप तिरका झाला. दादा राक्षसापुढे उभा. शेळी पुढे केली, मागे घेतली, औषध घेतलं, फटका मारला. मी नकळत मनात वजाबाकी करत होते. "दहा उरले," मी म्हटलं. "माहितीय," तो म्हणाला. दोन फटके. राक्षस पुलावरून खाली गेला. वहिनी टाळ्या वाजवत आली. मी दिव्यासकट उडी मारली आणि वायर खेचली गेली.

दादाने आरडाओरडा केला नाही. त्याने खेळ साठवला, बंद केला, पुन्हा सुरू केला आणि डबा माझ्याकडे धरला. स्क्रीनवर दोन जागा होत्या. वरच्या जागेत त्याचं नाव. खालच्या जागेत नाव लिहिलेलं होतं, चिंधी. पुढे वेळ शून्य तास, शून्य मिनिटं.

"पूल झाला," तो म्हणाला. "आता तुझा नंबर. सेल नवे घातलेत."

त्याने माझ्या हातातला दिवा डाव्या हाताने काढून घेतला. मी बसले, बटण दाबलं, मेंढपाळ निघाला. विहिरीवरच्या म्हाताऱ्याने माझी यथेच्छ लायकी काढली. गवतातून बेडूक आला. मी गडबडीत "हो"ऐवजी बटण दाबून धरलं, काठी हललीच नाही, आणि बेडकाने मला मारून टाकलं.

"बेडकाकडून मेलीस?" दादा एवढ्या जोरात ओरडला की समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली. "अगं, टिचकी मार, टिचकी! पुन्हा जा. मी ब्रेक दाबणार नाही हं!"

"तू दिवा नीट धर आधी," मी डोळे पुसत म्हटलं. "डावीकडे घे. चमकतंय."

त्याने दिवा डावीकडे घेतला.